36 वर्षांनी सांगलीत परतलोय. डॉक्टर पुष्कळ आहेत, पण 'आपला' डॉक्टर कोण?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. वय 71. न्यू जर्सीत 36 वर्षं काढून गेल्या दिवाळीनंतर सौ.सह सांगलीला कायमचा परत आलो. नागरिकत्व अमेरिकन, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला इथे राहू देणारं) आहे. घर विश्रामबागला, बहिणीच्याच गल्लीत. मुलगी डॅलसला. रोज रात्री साडेआठला तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, बीपी किती?"

माझं दुखणं थोडक्यात: 2017 साली दोन स्टेंट बसले, बीपी आहे, बारा वर्षं शुगरच्या गोळ्या. सौ. नऊ वर्षांपासून इन्सुलिनवर, शिवाय गुडघे.

इकडे डॉक्टर मिळत नाहीत असं म्हणायची सोय नाही. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी 1894 साली मिरजेला मिशन हॉस्पिटल काढलं, आणि माझ्या लहानपणी कर्नाटकातून, कोकणातून माणसं अंथरुणं-पांघरुणं घेऊन मिरजेला उतरायची. आता तर सांगली-मिरज रस्त्यावर हॉस्पिटलांचे बोर्ड मोजता मोजता मिरज येतं.

माझी अडचण वेगळी आहे. तिकडे आमची एक फॅमिली डॉक्टरीण होती. मी कुठल्याही स्पेशालिस्टकडे गेलो तरी त्याचा कागद फिरून तिच्याकडेच यायचा. इथे चार महिन्यांत हृदयवाले, शुगरवाले, डोळेवाले आणि हाडवाले असे चार डॉक्टर झाले. चौघेही हुशार, चौघांनीही नीट तपासलं. चार फायली झाल्या. पण चारही फायली एका टेबलावर ठेवून बघणारं कुणी नाही. तिकडून 140 पानं पेनड्राइव्हवर आणली आहेत. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असताना तो पेनड्राइव्ह खिशातून काढायचीही लाज वाटते.

आता फजिती सांगतो. तिकडून येताना मेटोप्रोलॉलची (बीपी-हृदयाच्या गोळीची) तीन महिन्यांची बाटली आणली होती. इथे एका डॉक्टरांनी बीपीसाठी एक गोळी लिहून दिली. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून मी दोन्ही घेत राहिलो. अकरा दिवस. बाराव्या सकाळी 'पुढारी' उचलायला दारात वाकलो तो थेट चपलांच्या रॅकवर. नाडी 46. भाच्याने स्ट्रिप उलटी करून ब्रँडच्या नावाखालची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि म्हणाला, "मामा, हे दोन्ही एकच औषध आहे." डॉक्टरांना बोल लावत नाही. बाटलीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मुलगी पुण्यात फ्लॅट घ्या म्हणून मागे लागली आहे. पुण्यात ओळखीचं एक कुत्रं नाही. इथे निदान संध्याकाळी आयर्विन पुलावर चार माणसं "कधी आलासा?" विचारतात.

तर जाणकारांनी सांगावं, जुन्या पद्धतीचा घरचा डॉक्टर आता असतो का, आणि तो शोधावा कसा? दुसरं म्हणजे मेडिकेअर (अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) इकडे चालत नाही हे माहीत आहे, तरी त्याच्या पार्ट बीचे (डॉक्टर-ओपीडीच्या खर्चाच्या भागाचे) पैसे भरतोय; 2025 मध्ये ते माणशी महिना 185 डॉलर होते. ते चालू ठेवावं की सोडावं? आणि या वयात, छातीत दोन स्टेंट घेऊन, इथला कुणी विमा देईल का?

मिरजेची सिस्टर

दादा, 34 वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून हक्काने सांगते. तुमचे प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी उठून फ्रिज उघडा.

वहिनींची इन्सुलिनची बाटली हातात घ्या. तिच्यावर 40 लिहिलंय की 100, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती युनिट? अमेरिकेत सहसा 100 ची असते. आपल्याकडे 40 ची बाटली अजून सर्रास मिळते, तिची सिरिंजही वेगळी. लाल टोपण 40 चं, नारिंगी 100 चं. 40 ची बाटली आणि 100 ची सिरिंज अशी जोडी जमली तर 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तरी पोटात 8 युनिटच जातं. उलट झालं, म्हणजे बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची, तर अडीच पट जातं आणि माणूस बेशुद्ध पडतो. परदेशातून आलेल्यांच्यात हे मी दोनदा पाहिलंय. गोंधळ दिसला तर डोस आपल्या मनाने बदलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता घरच्या डॉक्टरचं. असतो, पण तो बोर्डवर शोधून सापडत नाही. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत बसणारा एमडी मेडिसिन बघा. वय पन्नाशीच्या आसपासचं. सत्तरीचा धरलात तर तुमच्याआधी तोच रिटायर व्हायचा. पहिल्यांदा आजारी नसताना जा. सोमवारी जाऊ नका, सकाळी अकराला तर अजिबात नको. बुधवार-गुरुवारी दुपारी ओपीडी संपता संपता जा. सरळ विचारा, रात्री फोन केला तर उचलाल का? आम्हाला अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर कुठे पाठवाल, आणि तिथे बघायला याल का? जो आढेवेढे न घेता "रात्री अकरापर्यंत मी, नंतर अमुक ठिकाणी जा" असं सांगतो, तो धरा. "कधीही करा की" म्हणणाऱ्याचा फोन लागत नाही, हा माझा अनुभव.

140 पानं कोणी वाचणार नाही. एक पान करा. वर नाव, वय, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी. मग कोणता आजार कोणत्या साली. मग औषधं, पण ब्रँडने नाही, आतल्या औषधाच्या नावाने, किती मिलिग्रॅम आणि कधी. मागच्या बाजूला शेवटचे क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), स्टेंट कुठल्या नसेत. अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं कार्ड त्यालाच जोडा. तिकडचा अ‍ॅल्ब्युटेरॉल इथे साल्ब्युटामॉल असतो, अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, तेव्हा नावं एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, मलमं, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. आम्ही त्याला पिशवी तपासणी म्हणायचो. निम्मे आजार त्या पिशवीतच सापडायचे.

अजून एक. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या गावभागात माझी मावशी दिवसच्या दिवस लाइटशिवाय होती. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं होतं. विश्रामबाग उंचावर आहे, तरी पावसाळ्यात महिन्याचा साठा आणि चार्ज केलेला फोन हवाच. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते, पण गल्लीची खूण नीट सांगता आली पाहिजे.

सदरबझारची आजी

मी साताऱ्याची, लेस्टरला 32 वर्षं. आमचीही अशीच गंमत झाली होती. तिकडचं शुगर मोजायचं मशीन मिलिमोलमध्ये दाखवतं, आपल्याकडचं मिलिग्रॅममध्ये. सकाळी उपाशीपोटी 8.1 आली ती मी इथल्या नव्या कंपाउंडरला सांगितली. त्याने घाबरून माझ्या तोंडात ग्लुकोज बिस्किट कोंबलं. 8.1 ला 18 ने गुणायचं, म्हणजे 146. अमेरिकेत आपल्यासारखंच मोजतात म्हणून तुम्ही वाचलात.

विम्याचं सांगते. 1 एप्रिल 2024 पासून वयाची 65 ची अट नियामकाने काढली. मी त्याच वर्षी, 68 व्या वर्षी घेतला. पूर्वीच्या आजारांना थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी चार होती. म्हणजे स्टेंटसंबंधीचा खर्च पहिली तीन वर्षं खिशातूनच करायचा असं धरून चाला. पण पडलात, हाड मोडलं, डेंगी झाला, तर तो त्यात येतो. कंपनी नाही म्हणू शकते, हप्ता चढवूही शकते. मला दोघांनी नाकारलं, तिसऱ्याने चढ्या हप्त्यावर दिला.

एजंट म्हणाला, "आजी, बीपीचं लिहू नका, कोण बघतंय?" मी म्हटलं, बाबा, तू त्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा राहणार आहेस का? सगळं खरं लिहून दिलं. फॉर्ममध्ये लपवलं की नेमकं क्लेमच्या वेळी तेच काढतात. तुम्हीही स्टेंटचं साल तारखेसकट लिहा.

सत्तरीवरच्यांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड सुरू झालंय. माझ्या दिरांनी काढलं, त्यांचा पासपोर्ट भारतीय. परदेशी नागरिकत्व असताना त्याच्या भरवशावर राहू नका. आणि विमा घेण्याआधी त्यांच्या यादीत सांगली-मिरजेतली कोणती हॉस्पिटलं कॅशलेस आहेत ते बघा. मला साताऱ्यात हवं ते मिळालं नाही, म्हणून कराडचं धरून चालते. पन्नास किलोमीटर आहे, पण रात्री दोनला खंबाटकी ओलांडून पुण्याला जाण्यापेक्षा बरं.

फिलाडेल्फिया ते फलटण

पार्ट बीबद्दल, कारण तीच माझीही डोकेदुखी होती. 2025 च्या दराने दोघांचे मिळून वर्षाला 4440 डॉलर होत होते. पार्ट ए तुम्ही दहा वर्षं कर भरला असेल तर फुकट राहतो, तो सोडू नका. मुलीकडे गेलात आणि तिथे अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर कामाला येतो. पार्ट बी सोडलात तर परत घेता येतो, पण जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतच अर्ज, आणि तो पुढच्या महिन्यापासून लागू. शिवाय बाहेर राहिलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड, तोही कायमचा. पाच वर्षांनी परत गेलात तर आयुष्यभर दीडपट हप्ता.

तेव्हा हिशेब डॉलरचा नाही. दोघांपैकी एक गेला, तर मागे राहिलेला डॅलसला जाणार की विश्रामबागलाच राहणार? आमच्याकडे या एका प्रश्नावर तीन दिवस जेवताना कोणी बोललं नाही. शेवटी मी माझा सोडला. बायकोचा ठेवलाय. ती मुलाकडे जाईल, मी फलटण सोडणार नाही.

विट्याचा गलाईवाला

आमी अमेरिकेला न्हाई गेलो, पण 38 वर्सं सेलमला सोनं-चांदी गाळली. अ‍ॅसिडच्या धुरानं दम लागतोय. गावाकडं आल्यावर हितल्या डॉक्टरनं फोटो काढला, फुप्फुसात डाग दिसला, म्हणले तुकडा काढून तपासाया लागंल. घरात रडारड. माझ्या मालकिणीनं सेलमचा 2015 चा एक्स-रे गादीखाली जपून ठिवला हुता. डॉक्टरनं दोन्ही फिल्मी खिडकीला धरल्या. डाग तसाच, तिथंच, तेवढाच. जुना व्रण. तुकडा काढायचं रद्द झालं.

म्हणून सांगतो सायेब, ती 140 पानं टाकू नगा. दाखवू नगा, पर टाकू बी नगा.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. उत्तराला पंधरा दिवस लागले, त्याला कारण आहे.

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून फ्रिज उघडला. बाटली इथल्या दुकानातली, 40 ची. सिरिंजा न्यू जर्सीहून आणलेल्या, नारिंगी टोपणाच्या, अजून अर्धं खोकं शिल्लक. म्हणजे हिच्या पोटात पाच महिने निम्म्याहूनही कमी इन्सुलिन जात होतं. शुगर अडीचशेच्या खाली येत नव्हती आणि मी रोज तिच्या ताटातली आंब्याची फोड मोजत होतो. बोललोही होतो, बहिणीसमोर. ते शब्द इथे लिहीत नाही.

डॉक्टर सापडले. चालत सात मिनिटं, दवाखान्याखाली भडंगाचं दुकान. गुरुवारी पावणेदोनला पिशवी घेऊन गेलो. त्यांनी गोळ्या टेबलावर ओतल्या आणि पत्त्यांसारख्या लावल्या. एक डबा उचलून म्हणाले, "ही पित्ताची गोळी कोणी सुरू केली?" 2017 साली, स्टेंटच्या वेळी. "आणि बंद कर असं कोणी म्हटलं नाही?" नाही. त्यांनी स्वतः बंद केली नाही. माझ्यासमोर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, दोन मिनिटं बोलले, मग एक ओळ लिहिली. चार महिन्यांत पहिल्यांदाच माझे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलताना ऐकले. रात्रीच्या फोनचं विचारलं, तर म्हणाले, "साडेदहापर्यंत. नंतर मी झोपतो."

हिचा डोस त्यांनी नव्याने, कमीपासून बांधून दिला. कालची उपाशीपोटीची 138.

पार्ट बीवर आमच्याकडेही जेवताना शांतता आहे. आज दुसरा दिवस. आंबा मात्र मीच कापून दिला, एक अख्खी फोड. तिने ती माझ्याकडे बघत बघत, सावकाश खाल्ली.