कसोटी गिनीचं सोनं सांगते, टांकसाळ नाही

गिनी म्हणजे ब्रिटिशांचं सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं. काही जण म्हणतात की कसोटीच्या दगडावर घासून 22 कॅरेटचा कस उतरला आणि वजन आठ ग्रॅमच्या जवळ आलं, की गिनी अस्सल. सोन्यापुरतं खरंय. पण नकली गिन्यांत पुष्कळ अशा आहेत की सोनं चोख, छाप खोटा. शिवाय कसोटीवर घासलेल्या नाण्याला संग्राहक हातही लावत नाही. न घासता तपासायचं तर मिलिग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, गिनी बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता गिनीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो, ते साधारण 0.455 ग्रॅम दिसायला हवं. बुडबुडे चिकटले की आकडा उगाच वाढतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. पूर्ण वजन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिमी, चलनात झिजलेली 7.94 पर्यंत उतरते. दागिन्यातून काढलेली असेल तर कडेला डाखाची (जोड देताना लावलेल्या धातूची) खूण शोधा, तिथे वजन फसवतं.

आता छाप. 1918 ची गिनी असेल तर दहापट भिंगाखाली घोडेस्वाराचं चित्र असलेल्या बाजूला, सनाच्या बरोबर वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर टांकसाळीचं अक्षर बघा. मुंबईची असेल तर इंग्रजी 'आय' (I). मुंबईत ती त्याच एका वर्षी पडली. अक्षरच नसेल तर ती लंडनची ठरते, आणि लंडनने 1918 साली गिन्या पाडल्याच नाहीत. म्हणजे ती खोटी, मग काटा काहीही म्हणो.