मांजरानं सतरंजीवर मुतलं आणि वास जाईना: तुमचे अनुभव टाका

टिळकवाडी, बेळगाव (धागा मीच काढलाय)
आईचा नवलगुंदचा जमखाना आहे, माझ्याहून वयानं मोठा. मे महिन्यात आमच्या मनीनं त्याच्या बरोब्बर मधी मुतून ठेवलं. पावडर टाकून तीनदा धुतला, गच्चीवर कडक उन्हात घातला, वास गेला म्हणून घडी करून कपाटात. जूनमध्ये पाऊस लागला आणि कपाट उघडलं तर असा भपकारा की पाहुणे नाक मुरडूलालेत. नवरा म्हणतो टाकून दे. टाकून कसा देऊ ओ? ज्यांनी सतरंजी, गालिचा, घोंगडी काहीतरी वाचवलंय त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहा. फसलेलं पण लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

वडगाव
फसलेलं माझ्याकडून घ्या. सासूबाईंनी पायपुसण्यावर आणि खालच्या फरशीवर फिनेल ओतलं, भरपूर, पाणी पांढरंधोप होईपर्यंत. मांजर त्यावरून चाललं, पाय चाटले, तासाभरात तोंडातून लाळ गळायला लागली. रिक्षा करून डॉक्टरांकडे पळालो. ते म्हणाले मांजराच्या लिव्हरला फिनॉल पचवता येत नाही, माणसाला आणि कुत्र्याला जेवढं जमतं तेवढं पण नाही. वाचलं ते. पण फिनेल आणि तसली आंघोळीत घालायची जंतुनाशकं घरातून हद्दपार केली. आणि एवढं करून वास? फिनेल अधिक मूत, दोन्हीचा मिळून.

शहापूर, बेळगाव
अक्का, धुतल्यावर गेला आणि पावसात परत आला, हेच तर मांजराच्या मुताचं खरं दुखणं. मी लॅबमध्ये कामाला होतो म्हणून जरा पाल्हाळ लावतो. युरिया पाण्यात विरघळतो, तो धुण्यात निघून जातो. युरिक ॲसिडचे खडे मात्र पाण्याला दाद देत नाहीत, धाग्यात बसून राहतात आणि हवा दमट झाली की वास सोडतात, आपल्याकडच्या पावसात तर विचारू नका. शिवाय मांजराच्या मुतात फेलिनीन म्हणून एक घटक असतो, बोक्यात लई, तो हळूहळू फुटतो आणि गंधकाचा वास सुटतो. म्हणून ताज्यापेक्षा शिळं जास्त घाण मारतं.

यावर एन्झाइमवालं क्लीनर चालतं, पाळीव प्राण्यांचं सामान मिळतं तिथे किंवा ऑनलाइन. पण लोक दोन फवारे मारतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. मूत जितकं खोल गेलंय तितकं ते औषध पण खोल गेलं पाहिजे, म्हणजे डागाच्या जागी चांगलं चिंब, कडेनं चार बोटं जास्त. वरून प्लास्टिक टाकायचं म्हणजे वाळणार नाही, १२ ते २४ तास तसंच ठेवायचं, ओलं असेपर्यंतच ते काम करतं. मग सावलीत वाळवायचं. जुना डाग असेल तर परत एकदा, कधी तिसऱ्यांदा पण. आधी साबणाचा फेस राहिला असेल तर साध्या गार पाण्यानं काढून टाका. आणि ब्लीच अजिबात घालू नका, मुतातल्या अमोनियाबरोबर मिसळून विषारी वायू होतो, बंद बाथरूममध्ये तर धोक्याचंच.

टिळकवाडी
काका, जमखान्याचा लाल रंग उतरेल काय?

शहापूर
कोपऱ्यावर टाकून पांढऱ्या फडक्यानं दाबून बघायचं. फडक्याला रंग लागला तर थांबायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड कोण सांगितलं तर जपून, ३ टक्क्यांचं असलं तरी रंग पांढरा करतं. पांढऱ्या चादरीला ठीक, जमखान्याला नको.

खानापूर
आमच्या घोंगडीला मुळातच मेंढराचा वास, त्यात हे, म्हणजे बघा. इकडे पाऊस लागला की आठ आठ दिवस ऊन नाही, त्यामुळे धुवायचं म्हटलं तरी वाळवायचं कुठं? मी एकदा घाई केली, कढत पाण्यात घातली. घोंगडी आकसली, आणि चिंचोक्याची खळ दिलेली असते ना ती पण सुटली, लुळी पडली पार. आजी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पुढच्या वेळी गार पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी करून डागावर दाबून लावलं, न घासता. घासलं की लोकरीत आणखी आत जातं. मग नवरात्राच्या आधी घरातली सगळी धुणी मलप्रभेवर नेतो तेव्हा वाहत्या पाण्यात सोडून ठेवली. आता जवळ नाक नेलं तर थोडा येतो, खोलीत येत नाही. एन्झाइमवालं ठाऊक नव्हतं तेव्हा.

निपाणी
आम्ही वर्षभर चुकीची सतरंजी धुवत होतो! भाच्यानं यूव्ही टॉर्च आणली, लाइट बंद करून मारली तर सतरंजी स्वच्छ, आणि पलंगाखाली शहाबादी फरशीच्या सांध्यात चार पिवळट हिरवे डाग चमकूलालेत. सांध्यातून आत झिरपलेलं, वरनं पुसून काय होणार. चमचा चमचा करून सांध्यात औषध सोडलं. टॉर्च स्वस्त येते, आधी ती घ्या मग बाकीचं.
आणि आमच्या गल्लीत तंबाखूचा चुरा टाकला की मांजर येत नाही असं म्हणतात, निपाणीत चुऱ्याला काय तोटा. तसलं करू नका, निकोटीन विषच हाय त्यांना.

चिक्कोडी
खायचा सोडा ताज्याला बरा, ओल शोषून घेतो. शिळ्याला नुसता पांढरा थर.
आमचा बोका भिंतीवर आणि लोडावर उभ्यानं फवारायचा, ते वेगळं, ती हद्द आखणं. नसबंदी केल्यावर महिन्याभरात कमी झालं. जुने डाग मात्र काढायलाच लागतात, नाहीतर स्वतःचा वास आला की तिथेच परत.

हिंडलगा
सगळे वासावर बोलतायत, मी मांजरावर बोलते. आमचा बाळ्या रोज मातीच्या डब्यात जाणारा, अचानक गालिच्यावर दोन दोन थेंब टाकायला लागला. मी ओरडले त्याला, एकदा फटका पण दिला, अजून वाईट वाटतं. तिसऱ्या दिवशी कण्हत बसला आणि काहीच होईना. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, खडे अडकले तर लघवी तुंबते आणि एक दोन दिवसात जीव जातो. सरकारी पशू दवाखान्यात नेला, नळी घातली, वाचला. तेव्हा जोर करतोय पण होत नाही असं दिसलं तर गालिचा राहू दे बाजूला, आधी डॉक्टर. मनीला पण दाखवून घ्या ताई, मांजरीला मूत्राशयाची जळजळ होते. डबे किती आहेत? मांजरांपेक्षा एक जास्त पाहिजे, आणि जेवणाच्या ताटलीपासून लांब.

टिळकवाडी
दोन मांजरांना एकच डबा होता आमच्याकडे, तो पण वॉशिंग मशीनच्या शेजारी, मशीन फिरायला लागलं की मनी पळायची. आता तीन केलेत, मशीनपासून लांब. डॉक्टरांना दाखवलं, तिला काही नाही.
जमखाना: शहापूरच्या काकांनी सांगितलं तसं केलं. कोपऱ्यावर रंग सुटला नाही. पहिल्यांदा चिंब करून रात्रभर प्लास्टिक, वाळायला चार दिवस लागले, पंखा लावून. वास उलट वाढलेला वाटला, घाबरले. दुसऱ्यांदा केल्यावर निम्मा. तिसऱ्यांदा परवा झालं. काल दिवसभर पाऊस होता आणि मला काही आलं नाही, आई म्हणते थोडा आहे, पण तिला सगळीकडेच येतो. घडी घातली नाही अजून, कॉटवर पसरून खोलीचं दार लावून ठेवलंय. परतीच्या पावसात एकदा नाक लावून बघणार, मगच कपाटात.