शब्दचर्चा : धंद्याची वाढ, विस्तार आणि बरकत

प्रश्न : 'भांडवलशाहीत जो धंदा वाढत नाही तो टिकत नाही' असे वाक्य मी एका भाषांतरात लिहिले आहे. येथे 'वाढ' योग्य आहे, की 'वृद्धी' किंवा 'विस्तार' घ्यावा?

उत्तर : आधी काय वाढते ते ठरवावे लागेल, कारण 'धंदा वाढला' हे आपण निरनिराळ्या अर्थांनी म्हणतो. महागाईमुळे उलाढालीचा आकडा फुगला तरी धंदा वाढला म्हणतात. मजुरी, व्याज आणि यंत्रांचा घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेला खर्च, वजा जाता हाती अधिक उरले तरी तेच म्हणतात. नवी शाखा, नवे कामगार आणि त्यासाठी नवे कर्ज, यालाच मात्र 'विस्तार' म्हणावे. स्पर्धेत तग धरायला नफा हवा, आणि शेजाऱ्याने स्वस्तात माल काढणारे यंत्र आणले की आपल्यालाही ते घ्यावे लागते, हे मला मान्य आहे. पण एवढ्यावरून विस्तार अटळ ठरत नाही. शेअरचा भाव उद्याच्या कमाईच्या अपेक्षेवर ठरतो, म्हणून शेअरबाजारातल्या कंपनीमागे वाढीचा तगादा असतो. घरच्या भांडवलावर चालणाऱ्या पेढीमागे तो तितका नसतो.

जपानमधल्या ओसाकाची कोंगो गुमी ही मंदिरे बांधणारी पेढी इ. स. ५७८मध्ये सुरू झाली आणि चौदाशे वर्षे एकाच घराण्याकडे राहिली. १९८०च्या दशकातल्या तेजीत तिने कर्ज काढून जमीनजुमल्यात पैसा घातला. भाव कोसळले, पुढे मंदिरांची कामेही रोडावली, आणि २००६मध्ये ती दुसऱ्या बांधकाम कंपनीकडे गेली. तिला बुडवले ते विस्तारासाठी काढलेल्या कर्जाने, असे माझे मत आहे.

विस्तार न करता टिकण्याला आपल्याकडे 'बरकत' हा नेमका शब्द आहे. त्यात आकार वाढलाच पाहिजे असे नाही. आहे ते पुरावे आणि सरू नये, एवढी अपेक्षा असते. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, त्यामागेही हीच इच्छा आहे.

पुरवणी : 'धंदा वाढवला नाही' असे लिहिताना जपावे. बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणतात, नारळ 'वाढवतात', आणि रात्री फळ्या लावणारा जुना दुकानदार 'दुकान वाढवले' म्हणत असे. म्हणजे ते बंद केले. म्हणून आपल्या वाक्यात 'जो धंदा विस्तारत नाही' असे स्पष्ट लिहावे, म्हणजे मूळ लेखकाचा दावा किती मोठा आहे ते वाचकाला तपासता येईल.