आमच्या एमपीचं आयडी कार्डवरचं व्होटिंग रेकॉर्ड, हे वाचायचं कसं?

थेम्सकाठची
नमस्कार मंडळी, यूकेवाल्यांसाठी प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टार्मरनी डिजिटल आयडीची घोषणा केली तेव्हा मी आमच्या एमपीला मेल टाकला होता, जुना लेबर पक्षवाला आहे, उत्तर आलं की "मी सक्तीच्या ओळखपत्राच्या कायमच विरोधात आहे". बरं वाटलं. मग दे-वर्क-फॉर-यू वर, म्हणजे खासदारांनी कुठे काय मत दिलं ते दाखवणाऱ्या साइटवर, जाऊन बघितलं तर ब्लेअर सरकारच्या ओळखपत्राच्या बिलावर जून २००५ च्या सेकंड रीडिंगला बाजूने मत, ऑक्टोबरच्या थर्ड रीडिंगला गैरहजर आणि फेब्रुवारी २००६ ला परत सरकारच्या बाजूने! आता हा माणूस थापा मारतोय की मला वाचता येत नाहीये? आपल्याला इंडियन पासपोर्टवर इथे मत देता येतं म्हणून विचारतेय, नाहीतर मला काय पडलंय.

बॅकबेंचर
वाचता येतंय तुला, नीट येतंय. फक्त तिन्ही मतं एका वजनाची नाहीत.

सेकंड रीडिंग म्हणजे बिलाच्या मूळ कल्पनेला हो की नाही. तिथे ३१४ विरुद्ध २८३ असं पास झालं, लेबरचा व्हिप होता, कॉर्बिनसारखे थोडे लोक तो मोडून विरोधात गेले, बाकी सगळे मुकाट लाइनीत. म्हणजे तुझा एमपी तिथे पक्षाबरोबर गेला एवढंच कळतं.

गैरहजर हा प्रकार सगळ्यात फसवा. आजारी असेल, परदेशात असेल, समोरच्या पक्षातल्या कोणाशी पेअर केलं असेल (म्हणजे दोघांनीही मत द्यायचं नाही असं ठरवून), किंवा मुद्दाम चहा पीत बसला असेल, रेकॉर्डमध्ये सगळं सारखंच दिसतं कारण तिथे तटस्थ असं बटणच नाही. काही जण तर तटस्थ आहे हे दाखवायला 'हो' आणि 'नाही' अशा दोन्ही लॉबीतून चालून येतात, तिथे मत चालत जाऊनच देतात.

खरी मेख फेब्रुवारी २००६ ची आहे, तारीख १३. लेबरच्या जाहीरनाम्यात होतं की कार्ड सुरुवातीला ऐच्छिक असेल, पण बिलात असं की पासपोर्ट काढलात की सरकारच्या ओळख रजिस्टरमध्ये नाव आणि कार्ड गळ्यात. लॉर्ड्सनी, म्हणजे वरच्या सभागृहाने, ते काढायला सांगितलं, तेव्हाचे गृहमंत्री चार्ल्स क्लार्क म्हणाले पासपोर्ट काढणं कुठे सक्तीचं आहे, तेव्हा कार्डही ऐच्छिकच 😄 खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, लॉर्ड्सचं म्हणणं फेटाळलं. त्या दिवशी जो सरकारबरोबर होता त्याने "मी सक्तीच्या विरोधात" म्हणावं का, ते तूच ठरव. तो म्हणेल तांत्रिकदृष्ट्या खरंय.

आणि टोरींनाही (कॉन्झर्व्हेटिव्ह) सोडू नका, डिसेंबर २००४ मध्ये त्यांचा तेव्हाचा नेता मायकल हॉवर्डने याच कल्पनेला पाठिंबा दिला होता, पुढच्या वर्षी सगळे स्वातंत्र्यसैनिक झाले.

कोथरूडचा नाना
तुमचं बरंय हो, निदान भांडायला कागद तरी आहे. आमच्याकडे आधारचं बिल ११ मार्च २०१६ ला लोकसभेत आवाजी मतदानाने पास झालं, मनी बिल म्हणून आणलेलं त्यामुळे राज्यसभेला फक्त शिफारशी करता येत होत्या, त्यांनी १६ तारखेला पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्याच दिवशी परत आवाजीनेच उडवल्या. आता मला सांगा माझ्या खासदाराने काय केलं? ओरडला की गप्प बसला? कुठेच नोंद नाही. डिव्हिजन, म्हणजे मोजून मतदान, मागितलं तरच नाव लागतं, आणि लागलं तरी पक्षांतरबंदीमुळे व्हिप मोडला की खासदारकी जायची भीती, म्हणजे रेकॉर्ड खासदाराचं कमी आणि पक्षाचंच जास्त. पीआरएस या संसदेवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर हजेरी आणि प्रश्न बघायचे, झालं. आणि ज्या देशात पहिलं आधार आपल्या नंदुरबारातल्या टेंभलीत दिलं त्या देशाचं कौतुक करायला तुमचे पंतप्रधान मुंबईत येऊन गेले म्हणे.

ईव्हिसाग्रस्त
एक राहिलं. २०१० मध्ये कार्ड रद्द झालं, रजिस्टरच्या हार्ड डिस्क फेब्रुवारी २०११ मध्ये मंत्र्याने फोटोग्राफरसमोर मशीनमध्ये घालून चुरा केल्या, ३० पाउंड भरून कार्ड घेतलेल्यांना पैसेही परत नाहीत, सगळं खरं. पण ते ब्रिटिश लोकांचं! परदेशी नागरिकांचं कार्ड नोव्हेंबर २००८ ला सुरू झालं होतं ते तसंच चालू राहिलं, तेच आपलं बीआरपी, इथे राहायच्या परवान्याचं कार्ड. बोटांचे ठसे, फोटो, चिप, सगळं. त्यावर कोणी एवढा गळा काढला नाही. आता तेही गेलं, ऑनलाइन ईव्हिसा आला, मागच्या वेळी घर बघायला गेलो तर एजंट म्हणे शेअर कोड द्या (त्यावरून ते आपला व्हिसा ऑनलाइन तपासतात), मी दिला डब्ल्यूवाला, तो नोकरीचा असतो, घराला आरवाला लागतो, तोवर दुसऱ्या पार्टीने डिपॉझिट भरून टाकलं. तेव्हा ताई, तुमच्या एमपीला हेही विचारा की परदेशी लोकांच्या कार्डावर, म्हणजे २००७ च्या यूके बॉर्डर्स अ‍ॅक्टवर, त्याने काय केलं.

थेम्सकाठची
हे माझ्या डोक्यातच नव्हतं! बीआरपी मी इतकी वर्षं पर्समध्ये घेऊन फिरले आणि ते त्याच योजनेचं पिल्लू आहे हे आज कळतंय. त्याला परत लिहिलंय, "१३ फेब्रुवारी २००६ ला पासपोर्टच्या मुद्द्यावर तुम्ही सरकारबरोबर का गेलात" एवढं एकच वाक्य, खाली बॉर्डर्स अ‍ॅक्टचं. ऑटो रिप्लाय आलाय.

बॅकबेंचर
पत्ता आणि पोस्टकोड टाकलास ना? नाहीतर मतदारसंघातली नाही म्हणून ऑफिसवाले उघडतसुद्धा नाहीत.

थेम्सकाठची
अरे देवा. परत पाठवते.