अनुभव धागा: नाताळातली घरची वाइन आणि घरचं जेवण

नाताळ म्हटलं की केकबद्दल सगळे लिहितात, पण त्या दिवशी दुपारी घरात जे पान वाढलं जातं आणि त्याच्या बाजूला छोट्याशा ग्लासात जी वाइन असते तिच्याबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं. वसई, उत्तन, गोराई, मुंबईतली जुनी गावठाणं, इकडे नाशिक-नगर, तिकडे गोवा, प्रत्येक ठिकाणी वेगळी तऱ्हा आहे. आणि हे सगळं ज्यांच्या हातात आहे ती मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून मला मनापासून वाटतं की हे लिहून ठेवायला हवं. नुसती रेसिपी नको, ती कुठेही मिळते. तुमच्या घरी काय शिजतं, त्याच्यासोबत काय पितात किंवा पीत नाहीत, करताना हाताला काय कळलं ते लिहा. लांबलं तरी चालेल.

मीच सुरुवात करतो. आमचं घर वसईचं. आमच्याकडे नाताळची वाइन डिसेंबरात लावत नाहीत, ती मार्च-एप्रिलमध्ये लावतात. कारण सरळ आहे, काळी द्राक्षं गोड आणि स्वस्त तेव्हाच असतात, डिसेंबरात जी येतात ती आंबट आणि महाग. एक किलो द्राक्षं, किलोला थोडी कमी साखर, दीड-दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर यीस्ट आणि मूठभर गहू. द्राक्षं धुऊन पूर्ण कोरडी करायची, हाताने चुरडायची, मिक्सरमध्ये नाही, बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो. चिनी मातीची बरणी, वर स्वच्छ फडकं, रोज एकदा लाकडी चमच्याने ढवळायचं. साधारण २१ दिवसांनी गाळायची, मग परत काही दिवस न हलवता ठेवायची म्हणजे गाळ खाली बसतो, आणि वरची नितळ तेवढी बाटलीत. रंग कमी वाटला तर आई थोडी साखर जाळून त्यात घालते. अशी मार्चची वाइन डिसेंबरात उघडली की तिची टोचणी गेलेली असते, हे माझं ठाम मत आहे की २१ दिवसांत गाळून लगेच प्यायलेली वाइन म्हणजे अर्धीच झालेली वाइन.

ज्यांचं मार्चमध्ये राहून गेलं ते नोव्हेंबरात काळ्या मनुकांची लावतात, तीही छान होते, थोडी जड आणि खजुरासारखी गोड.

---

वसईची सून

दादा, धागा काढलात बरं झालं. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन ख्रिश्चन घरात आले, माहेरी डुकराचं मटण हा शब्दही स्वयंपाकघरात कधी आला नव्हता. आता नाताळचं सोरपोतेल मीच करते, सासूबाई फक्त खुर्चीत बसून चव बघतात.

सोरपोतेलमध्ये खरं काम आहे ते चिरण्याचं. मांस आणि काळीज आधी उकडून घ्यायचं, मग अगदी बारीक, वाटाण्याएवढे तुकडे. आमच्याकडे हे काम चार बायका मिळून करतात कारण एकटीने करायला घेतलं तर अख्खी दुपार जाते, आणि त्या चिरण्याच्या वेळात ज्या गप्पा होतात त्यात मला या घरातली सगळी नाती कळली, कोण कुणाची कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाच्या बाप्तिस्म्याला काय झालं. मग तुकडे त्यांच्याच चरबीत परतायचे, मसाला व्हिनेगरमध्ये वाटलेला, आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं. ते २५ ला करून २५ ला खायचंच नाही! २२ ला नाहीतर २३ ला करायचं, रोज एकदा नीट उकळी आणायची, खदखदलं पाहिजे, नुसतं कोमट करून चालत नाही. व्हिनेगर हळूहळू मांसात जातं आणि तिखटपणा गोल होतो. तिसऱ्या दिवशीचं सोरपोतेल ज्याने खाल्लं त्याला पहिल्या दिवशीचं देऊ नये.

सोबत फुगे. मैदा, अंडं, नारळाचं दूध आणि यीस्ट, पूर्वी ताडी घालायचे. पीठ पुरीसारखं घट्ट नसतं, सैल असतं, मुठीत धरून अंगठ्याजवळच्या फटीतून गोळा वर काढायचा आणि तेलात सोडायचा, सोडल्याबरोबर झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं म्हणजे चेंडू फुगतो. ते जमायला हात बसावा लागतो.

वाइनचं म्हणाल तर आमच्या जेवणात ती छोट्या ग्लासात, साधारण चहाच्या अर्ध्या कपाएवढी, रात्रीच्या मिस्सावरून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेवरून, आल्यावर केकसोबत एकदा आणि दुसऱ्या दिवशी जेवताना एकदा. सासूबाई म्हणतात वाइन घशाला लागली पाहिजे, डोक्याला नाही. सोरपोतेलचं आंबट-तिखट आणि घरच्या वाइनची गोडी ही जोडी मला विकतच्या कुठल्याच बाटलीत मिळालेली नाही.

---

नगरकर

आमच्याकडे दारू घरात येत नाही, वाइनसुद्धा नाही, अमेरिकन मिशनच्या काळापासूनची शिस्त आहे. तरी लिहितोय कारण नाताळचं पेय आमच्याकडेही असतं, जिंजर वाइन. नावात वाइन असली तरी आंबवत नाहीत. आलं ठेचून पाण्यात उकळायचं, लवंग-दालचिनी, साखर, लिंबू, गाळून बाटलीत. पाहुण्याला द्यायच्या वेळी पाणी घालून. थंडीत घसा शेकतो.

आणि फराळ. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू, सगळं दिवाळीसारखंच, कॅरल गात रात्री घरोघरी जाणाऱ्या पोरांना ताटात हेच मिळतं. जेवायला मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. हासुद्धा नाताळच आहे, आणि मला तो अतिशय प्रिय आहे.

---

द्राक्षवाला

मी नाशिकचा, आमची द्राक्षबाग आहे, घरात नाताळ नसतो पण शेजारचं कुटुंब ख्रिश्चन असल्याने लहानपणापासून २५ तारखेचं दुपारचं जेवण त्यांच्याकडेच. धाग्यात वर द्राक्षांचं लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात थोडी भर. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. म्हणजे नाताळात बहुतेक बागांत मण्यात नुकतं पाणी उतरत असतं, गोडी भरायला अजून वेळ असतो. वायनरीची तोडणीसुद्धा जानेवारी ते मार्चमध्येच. त्यामुळे डिसेंबरात गाडीवर काळी द्राक्षं दिसली म्हणून वाइन लावायची घाई करू नका, थांबा.

दुसरं म्हणजे विकतची वाइन. आमच्या नाशिकच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या २००० साली आल्या आणि त्यानंतर आमच्या भागात वाइन हा शब्द घरोघरी पोचला. पण लोक अजून एक गोष्ट करतात, सणाचं जेवण म्हणजे रेडच पाहिजे असं धरून चालतात, तीही भारीतली, तोंड कोरडं करणारी. आता शेजारच्या काकूंचं मटण म्हणजे लाल तिखट सढळ हाताने. रेडमधलं तोंड कोरडं करणारं टॅनिन आणि तिखट एकत्र आलं की जिभेवर आगच होते, आणि वाइनमध्ये अल्कोहोल जितकं जास्त तितकं तिखट जास्त जाळतं. तिखट जेवणाला थोडी गोडसर पांढरी घ्या, शेनिन ब्लां घ्या, चांगली गार करून. मसाल्याच्या जेवणाला तीच साथ देते. रेड हवीच असेल तर हलकी घ्या.

आणि रेड रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ती खोली युरोपातली, साधारण १६ ते १८ डिग्रीची. मुंबईत डिसेंबरातही दुपारी तीसच्या वर जातं हो! रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा, फरक लगेच कळेल. काकूंनी स्वतः करून बघितलं आणि आता त्यांच्या फ्रिजच्या दारात २५ ला सकाळीच बाटली जाते.

---

अंधेरी गावठाण

द्राक्षवाले भाऊ, माहिती उत्तम, पण मी थोडं वेगळं मांडतो. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिश्चन. आमच्या नाताळच्या जेवणाला द्राक्षाची वाइन लागतेच असं मी मानत नाही. आमचं पेय खिमाड. पूर्वी गावठी दारूची करायचे, आता बहुतेक घरांत रम. पाण्यात साखर, वेलची, लवंग, दालचिनी, गवती चहा असं उकळून त्यात ती घालायची आणि गरम गरम छोट्या कपात. लग्नात असतंच, आमच्याकडे नाताळच्या रात्रीही असतं. त्याच्यापुढे गार पांढरी वाइन मला तरी परकी वाटते.

पानात इंड्याल (व्हिंदालूसारखं आंबट-तिखट मटण), बदकाचं मोयले (मसाल्याचा रस्सा) आणि बटाटे. बाटली मसाला त्या मोयलेत जातो. हा मसाला एप्रिल-मेच्या उन्हात होतो, मिरच्या वाळवायच्या, वीसेक जिन्नस वेगवेगळे भाजायचे, कुटायचे आणि बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचे, गडद काच अशासाठी की उजेडाने मसाला उडू नये. पूर्वी कुटायला बायका येत, उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ पडायचं, ताल चुकायचा नाही. आता गिरणीतून आणतो, तरी भाजण्याचं काम माझी आई दुसऱ्या कुणाला देत नाही.

म्हणजे बघा, आमचा नाताळ एप्रिलमध्ये सुरू होतो. वसईकरांची वाइन, आमचा मसाला, दोन्ही उन्हाळ्यातच. हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि फार आवडलं.

---

बारदेशकर

गोव्यातून. आमच्याकडे पण सोरपोतेलच, पण सोबत सान्नां, म्हणजे तांदळाच्या इडलीसारखी, ताडीने फुगवलेली. वाइन म्हणजे गोड पोर्ट, घरातल्या वयस्कर बायका वर्षभर काही पीत नाहीत पण नाताळात बेबिंकसोबत एक छोटा ग्लास घेतात, आणि कुणी त्यांना हटकत नाही. बेबिंकला अंड्याचे पिवळे, नारळाचं दूध, साखर, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरून विस्तव, तो लालसर झाला की दुसरा. माझी मावशी सोळा थरांची करते, सकाळी बसते ती संध्याकाळी उठते. तिला गॅसचा ओव्हन आणून दिला होता पण नारळाच्या सोडणांचा विस्तवच लागतो म्हणते. चव घेतल्यावर तिच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

---

नवखी

छान धागा. यावर्षी मी पहिल्यांदा मनुकांची वाइन लावलीय, बरणीला झाकण घट्ट लावायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. कुणी सांगेल का? आणि बाटलीत भरल्यावर ती फुटते वगैरे ऐकलंय, भीती वाटते.

---

धागाकर्ता

नवखी ताई, सुरुवातीला घट्ट अजिबात नको. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं तसा कार्बन डायऑक्साइडही करतं, त्या वायूला बाहेर पडायला वाट हवी. फडकं बांधा, बरणी पाऊणच भरा, फेस वर येतो. मात्र बुडबुडे थांबल्यावर, गाळून झाल्यावर उलटं करायचं, तेव्हा हवा नको, कारण हवा मिळत राहिली की तीच वाइन व्हिनेगर होते. बाटल्या गळ्यापर्यंत भरा आणि बूच लावा. घाईने भरलेल्या, अजून चुळबुळ करणाऱ्या वाइनच्याच बाटल्या फुटतात, म्हणून बुडबुडे पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय बाटलीकडे वळूच नका. भांडी, चमचा, फडकं सगळं उकळत्या पाण्यातून काढलेलं. वर पांढरी-हिरवी बुरशी धरली, वास बिघडला, तर ती फेकायची, गाळून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, घरापासून लांब, आणि २४ च्या रात्री बहुतेक ड्युटीच असते. आमच्या वॉर्डात नाताळ म्हणजे डबे. कुणी पुलाव आणते, कुणी कटलेट, आमची एक मल्याळी सिस्टर अप्पम आणि स्ट्यू आणते, आणि पहाटे पेशंट शांत झोपलेले असले की आम्ही आळीपाळीने दहा-दहा मिनिटं जाऊन खातो. वाइनचा प्रश्न तिथे येतच नाही. माझा नाताळ २५ ला झोप काढून उठल्यावर, दुपारी चार वगैरे. आईने पाठवलेल्या वाइनची बाटली उघडते, कुकरला भात, एक अंड्याची करी बाटली मसाला घालून, आणि व्हिडिओ कॉलवर आई समोर जेवत असते. एकटीसाठी कशाला एवढं असं मला पूर्वी लोक म्हणायचे. मी म्हणते एकटीसाठीच तर करायचं, स्वतःला वाढायला पण कुणीतरी हवं ना.

एक विचारायचं होतं, एकटीला बाटली संपत नाही. उघडल्यावर किती दिवस टिकते?

---

वसईची सून

बाळा, बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेव, तीन-चार दिवस चव नीट राहते. बाटली अर्धी झाली की लहान बाटलीत काठोकाठ ओतून ठेव, आत हवा कमी राहते. त्यानंतर आंबटली तर मटणाला मुरवण लावायला वापर, आलं-लसणाबरोबर, अप्रतिम लागतं. आणि आईला सांग पुढच्या वेळी मोठीऐवजी दोन छोट्या बाटल्या भरून पाठवायला. तुझ्या अंड्याच्या करीत बाटली मसाला कधी घालतेस, कांद्यासोबत की शेवटी? मी शेवटी घालते, पण अंधेरीच्या दादांकडे कांद्यासोबत परततात बहुतेक, त्यांनी लिहावं.