फ्रँचायझी करारातलं लवादाचं कलम: सोय नक्की कुणाची?

पाटीकोरी (धागाकर्ता):
रेस्टॉरंटची फ्रँचायझी घेताना लोक रॉयल्टीवर तासन्‌तास घासाघीस करतात. भांडण झालं तर काय, ते कलम मात्र कुणी उघडून बघत नाही. माझ्या मते ते कंपनीच्याच सोयीने लिहिलेलं असतं. आधी बोलणी, मग मध्यस्थी, मग लवाद (म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचाने दिलेला, दोघांवर बंधनकारक निवाडा), आणि लवाद बहुतेकदा कंपनीच्या गावात. शिवाय नाव आणि बोधचिन्हासाठी कंपनीला थेट कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणायची मुभा.

अमेरिकेतलं सबवे या सँडविच साखळीचं प्रकरण बघा. मोंटाना राज्यातला एक फ्रँचायझीधारक. लवादाचं कलम करारात नवव्या पानावर, साध्या टायपात. सुनावणी पार कंपनीच्या राज्यात, कनेक्टिकटमध्ये. अशा कराराच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत, अधोरेखित करून लवादाची सूचना हवी, असा मोंटानाचा कायदा होता. १९९६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच केंद्रीय लवाद कायद्याच्या आड येतो म्हणून बाजूला सारला. ८ विरुद्ध १!

कलमबहाद्दर:
साफ असहमत. नववं पान म्हणजे तळघर नव्हे. आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्याने नऊ पानं वाचायला काय हरकत आहे?

लवाद नको तर काय, वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा? कंपनी परदेशी असेल तर कोर्टाचा हुकूमनामा तिच्या देशात बजावताना दमछाक होते. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे दीडशेहून जास्त देशांत बजावता येतो. हा फायदा दुकानदारालाही आहे.

मनाई हुकुमाचं म्हणाल तर, करार संपल्यावरही एखादा तीच पाटी लावून काहीबाही विकत बसला, तर लवाद नेमला जाईपर्यंत थांबायचं? त्याची शिक्षा त्याच नावाखाली धंदा करणाऱ्या बाकीच्यांनी भोगायची?

पाटीकोरी:
पाटीचा मुद्दा मान्य. पण नऊ पानं वाचून उपयोग काय? छापील करार, घ्या नाहीतर चालू लागा. आणि निवाडा चुकला तरी अपील जवळपास नाहीच. 'लवकर निकाल'चा हा दुसरा अर्थ.

गल्ल्यावरून:
दोघंही शेवटच्या पायरीवर भांडताय. बहुतेक दुकानं तिथवर पोचतच नाहीत.

मॅकडोनाल्ड्स आणि त्यांचे उत्तर आणि पूर्व भारतातले भागीदार आठवा. २०१३ ला वाद पेटला. कंपनी लॉ बोर्ड, मग एनसीएलटी (कंपन्यांचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण), लंडनचा लवाद, सगळं झालं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने १६९ दुकानांचे फ्रँचायझी करार रद्द केले. डिसेंबरात पुरवठादाराने माल थांबवला आणि बरीच दुकानं बंद पडली. मिटलं कसं? २०१९ मध्ये, आपसात. कंपनीने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला.

माझं दुकान छोटं होतं (नाव सांगत नाही). तपासणीत फ्रीजरच्या तापमानाच्या वहीत दोन दिवस कोरे सापडले. शुक्रवारी रात्री ईमेलवर नोटीस आली, १० दिवसांत सुधारणा करा. मी ती सोमवारी उघडली. मुदत संपली त्या सकाळी माल मागवायचं लॉगिनच चालेना. बन संपले की लवाद घेऊन काय करता?

कलमबहाद्दर:
थांबा. १० दिवस कधीपासून धरले? नोटीस मिळाल्यापासून की पाठवल्यापासून?

गल्ल्यावरून:
पाठवल्यापासून. पान अकरा.