सल्ला हवा : बाबांना बॉस्टन दाखवायचंय, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ :
बाबा सप्टेंबरमध्ये आमच्याकडे येताहेत. कराडजवळच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. परवा फोनवर म्हणाले, "ब्रिटिशांनी अमेरिकन वसाहतींवर कागदपत्रांवरचा स्टॅम्पचा कर १७६५ मध्ये लावला नि पुढच्याच वर्षी मागे घेतला. मग दहा वर्षांनी बंदुका का निघाल्या?" मला धड सांगता आलं नाही. तीन दिवस आहेत, गुडघ्यांमुळे फार चालणं नको. काय दाखवू? आणि येण्याआधी त्यांनी काय वाचावं?

दुर्गवेडा :
बाबांनी नेमकं विचारलंय. कर रद्द झाला त्याच दिवशी, १८ मार्च १७६६ ला, दुसरा कायदा झाला : वसाहतींसाठी वाट्टेल त्या बाबतीत कायदे करायचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटचाच. पैसे सोडले, हक्क सोडला नाही. १७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसं, चहा यांवर जकात बसवली. १७७० मध्ये बाकीची उठवली, चहावरची मात्र ठेवली, ती हक्क दाखवायलाच. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त झाला होता! पण तो घेणं म्हणजे कर कबूल करणं, म्हणून १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. त्याआधीची सभा ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये भरली होती. पहिल्यांदा तिथेच न्या, बसायलाही मिळेल. ओल्ड स्टेट हाउस जवळच आहे. त्याच्यासमोर ५ मार्च १७७० ला ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या सैनिकांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सनी घेतलं. बंकर हिलच्या लढाईच्या स्मारक-मनोऱ्याला २९४ पायऱ्या आहेत, तो खालूनच बघा.

वूस्टरकर :
चहापाशी थांबू नका, कळकळीने सांगते. शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बॉस्टनचं बंदर बंद केलं, बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, गावसभांवर बंधनं घातली. बंदराशी काही देणंघेणं नसलेला शेतकरी त्याने पेटला. आमच्या वूस्टरला ६ सप्टेंबरला हजारो माणसं जमली. न्यायालय भरूच दिलं नाही. अधिकाऱ्यांना दुतर्फा गर्दीतून, टोप्या हातात घेऊन, राजीनामे वाचत चालायला लावलं. एक गोळी सुटली नाही, पण राजाचा अंमल तिथून उठला, लेक्झिंग्टनला युद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या त्याच्या सात महिने आधी! त्याच आठवड्यात फिलाडेल्फियात १२ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले. एका शहराला दिलेली शिक्षा सगळ्यांनी आपली मानली.

कृष्णाकाठ :
म्हणजे तेव्हाच स्वातंत्र्य हवं होतं त्यांना?

जुनी_पानं :
नाही हो. रक्त सांडल्यावरही, जुलै १७७५ मध्ये, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ब्रिटनच्या राजाला विनंतीपत्र धाडलं. राजाने ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. तोवर बहुतेकांचा राग पार्लमेंटवर होता. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका आली, तिने राजेपणावरच घाव घातला. बाबांना आधी तीच द्या, मग ४ जुलैचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्यातली राजावरच्या तक्रारींची यादी लोक ओलांडून जातात. तुम्ही ती सावकाश वाचा.

आणि गुलामगिरी वगळू नका. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोरांच्या गुलामांना फौजेत आल्यास मुक्ती देऊ केली, तेव्हा तिथले मळेवाले आणखी बिथरले. समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम होते, हे मला आजही सलतं.

दुर्गवेडा :
राहिलंच. लेक्झिंग्टनच्या सालीच, १७७५ मध्ये, हीच ईस्ट इंडिया कंपनी राघोबादादांची बाजू घेऊन पुण्याच्या कारभाऱ्यांविरुद्ध उतरली होती. आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याची ब्रिटिश फौज अमेरिकनांना शरण गेली तो कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला मराठी फौजा त्याच्या सोबतीला होत्या. बाबा यावर तासभर बोलतील बघा.

कृष्णाकाठ :
खूप आभार सगळ्यांचे. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. टोप्या हातात घेतल्याचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आता ६ सप्टेंबरला वूस्टर नक्की, बॉस्टनसाठी एक दिवस, एक लेक्झिंग्टन-कॉन्कॉर्डचा. कॉन्कॉर्डच्या नॉर्थ ब्रिजपर्यंत गाडी किती जवळ जाते?

वूस्टरकर :
रस्त्यापलीकडेच पार्किंग आहे, तिथून थोडंच चालायचं. सावकाश न्या, आणि सकाळी लवकर जा.